क्लच दाबूनही गिअर पडत नाही? इंजिन उतरवण्याआधी हायड्रॉलिक क्लच तपासा

आजचा लेख १९७२ सालच्या एका ब्रिटिश गाडीबद्दल आहे. पण तुमच्या बाइकला पुढे डिस्क ब्रेक असेल, तर यातलं निम्मं सामान तुमच्या हँडलवरच बसवलेलं आहे. ब्रेकच्या लिव्हरजवळ जी छोटी डबी असते, जिच्या झाकणावर 'डॉट ४' किंवा 'डॉट ३' असं लिहिलेलं असतं, तो मास्टर सिलेंडर. माझ्या गाडीत क्लचसुद्धा असाच, तेलाच्या दाबावर चालतो. तो कसा बिघडतो, बिघाड नेमका कुठे आहे हे कसं ओळखायचं आणि त्याचे भाग कसे बदलायचे, ते आज पाहूया.

मी नोकरीसाठी इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. गाडी आहे एमजीबी रोडस्टर, म्हणजे दोन सीटची, कापडी छताची. अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनत होती. एकूण पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, म्हणून सुटे भाग आजही नवे मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं, बीएमसीच्या बी-सिरीजचं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्याकडच्या अॅम्बेसेडरला होतं. पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "अरे, हे तर अँबॅसिडरचंच दिसतंय!" त्यांनी ऑफिसची अॅम्बेसेडर बरीच वर्षं चालवली होती.

गाडी माझ्याआधी शेजारच्या आजोबांची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना क्लच दाबवेना, म्हणून त्यांनी ती मला विकली. सोबत एक जुनी वही दिली, ज्यात गाडीचं प्रत्येक काम तारखेसकट लिहिलेलं आहे. आणि एक अट घातली: त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला मी त्यांना याच गाडीतून फिरवून आणायचं. वाढदिवसाला तीन आठवडे राहिले होते आणि क्लच गेला.

नेमकं काय झालं?

एका राउंडअबाउटला थांबलो होतो. क्लच पूर्ण दाबला, पहिला गिअर टाकायला गेलो तर नुसता कर्रर्र आवाज. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मागे गाड्यांची रांग. शेवटी इंजिन बंद केलं, बंद इंजिनवर गिअर मुकाट्याने पडला, आणि गिअरमध्येच चावी फिरवली. गाडी धक्का देत निघाली. आजच्या बऱ्याच गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्टच होत नाहीत, या जुन्या गाडीला तसलं काही नाही. उरलेला रस्ता दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत काढला. ही युक्ती फक्त रस्त्याच्या मधून बाजूला होण्यापुरती आहे. रहदारीत अशी गाडी चालवत राहू नका.

दुसऱ्या दिवशी जवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न जाताच निकाल दिला: "क्लच प्लेट गेली. इंजिन बाहेर काढावं लागेल." एमजीबीत क्लच प्लेट बदलायची तर इंजिन खरंच बाहेर काढावं लागतं, ते तो खोटं बोलला नाही. पण सांगितलेला खर्च मी गाडीला दिलेल्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास होता, आणि नंबर दीड महिन्याने लागणार होता. म्हणजे वाढदिवस हुकला.

घरी येऊन शांतपणे विचार केला तेव्हा एक गोष्ट खटकली. क्लच प्लेट झिजली की क्लच घसरतो. म्हणजे एक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, चढावर तर जास्तच. माझ्या गाडीत याच्या बरोबर उलट होत होतं. क्लच सुटत नव्हता. पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून होते, म्हणून गिअर कर्रर्र करत होता.

हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख यावर उभा आहे. क्लच घसरत असेल तर आधी प्लेटकडे संशय जातो. सुटत नसेल तर आधी हायड्रॉलिककडे बघायचं, आणि हायड्रॉलिकचं सगळं काम इंजिनला हात न लावता बाहेरून होतं. सुटत नसलेल्या क्लचमध्ये आतली प्लेट चिकटलेली किंवा बेअरिंग संपलेलं असूही शकतं, नाही असं नाही. पण तिथे जाण्याआधी मोजून बघायला अर्धा तास लागतो.

हायड्रॉलिक क्लच चालतो कसा?

शाळेत पास्कलचा नियम शिकला असाल: बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. इथे तेवढंच आहे. तुम्ही पेडल दाबता. पेडलला पिनने जोडलेला दांडा वरच्या, म्हणजे मास्टर सिलेंडरमधला पिस्टन ढकलतो. तेल धातूच्या नळीतून आणि शेवटच्या फूटभर रबरी होजमधून खालच्या, म्हणजे स्लेव्ह सिलेंडरमध्ये जातं. स्लेव्हचा दांडा एक फोर्क ढकलतो, फोर्क बेअरिंगला ढकलतो, आणि क्लच सुटतो.

धातूची नळी असताना मध्येच रबर कशाला? कारण इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटिंगवर डुलत असतात, बॉडी मात्र स्थिर. पूर्ण नळी धातूची ठेवली तर ती काही दिवसांत तुटेल.

आता थोडा हिशोब. एमजीबीच्या मास्टरचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिमी. स्लेव्हचा सव्वा इंच, म्हणजे साधारण ३२ मिमी. क्षेत्रफळाचं गुणोत्तर येतं सुमारे २.८. म्हणून पायाचा जोर स्लेव्हपाशी २.८ पट होतो, पण अंतर तितक्याच पटीने कमी होतं. फुकट काही मिळत नाही. स्लेव्हचा दांडा साधारण अर्धा इंच, म्हणजे १२ ते १३ मिमी सरकला की क्लच नीट सुटतो. वर पिनच्या ढिलेपणात ३ मिमी वाया गेले, तर खाली जवळपास १ मिमी कमी मिळतो. इतक्या छोट्या हालचालीत तो १ मिमी खूप मोठा असतो.

मोबाईलने मोजा

गाडी सपाट जमिनीवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे. पुढून जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. जॅक सुटायला एक क्षण पुरतो.

मी स्लेव्हच्या दांड्याशेजारी स्टीलची छोटी पट्टी टेपने चिकटवली, फोन टॉर्चच्या उजेडात टेकवून ठेवला आणि स्लो मोशन व्हिडिओ लावला. बायकोला पेडल पूर्ण दाबून पाच सेकंद धरायला सांगितलं. तीन वेळा केलं. व्हिडिओ थांबवून पट्टीवर वाचलं तर दांडा फक्त ९ मिमी सरकत होता. शिवाय पेडल दाबून धरलं असतानाही तो हळूहळू मागे येत होता, हे नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसलं नसतं. गॅरेजवाल्याचं निदान तिथेच मागे पडलं. दांडा पूर्ण सरकूनही क्लच सुटला नसता, तर मी गपगुमान इंजिन काढायला दिलं असतं.

४ मिमी गेले कुठे?

तेलाची टाकी बघितली. पातळी थोडी खाली, तेल काळपट. मास्टर बाहेर गळत असेल तर तेल पेडलच्या दांडीवरून ओघळत गाडीच्या आत येतं, म्हणून पायाखालचं कार्पेट उचलून हात फिरवला. कोरडं होतं. खाली स्लेव्हचं रबरी बूट मात्र बाजूला सारलं तर आतून काळं तेल ठिबकलं. म्हणजे स्लेव्हचं सील गेलेलं. गळतं तेल बुटात साठून राहतं, त्यामुळे जमिनीवर डाग दिसायला वेळ लागतो. 'खाली डाग नाही, म्हणजे गळत नाही' असं धरून चालू नका.

सगळ्यात मोठं आश्चर्य पेडलपाशी होतं. एमजीबीत क्लच आणि ब्रेकचे मास्टर शेजारीशेजारी एका पेटीवर बसवलेले असतात. स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत क्लचचा मास्टर इंजिनच्या बाजूचा. पेटीचं झाकण स्क्रूंनी लावलेलं असतं, आणि त्यातले एक-दोन अशा जागी आहेत की बसवणाऱ्याला मनातल्या मनात चार शब्द ऐकवावेच लागतात. झाकण निघालं की पेडल आणि मास्टरचा दांडा जोडणारी पिन दिसते. बोटाएवढीसुद्धा नाही. माझी पिन एका बाजूने निम्मी खाल्लेली होती आणि पेडलचं भोक गोल राहिलं नव्हतं, लंबगोल झालं होतं. हात लावला तर पेडल दांड्याला न हलवताच ३ मिमी पुढेमागे होत होतं. झिजायला तिला ५० वर्षं मिळाली होती.

नवी पिन टाकली, पेडलचं भोक वेल्डिंगने भरून पुन्हा गोल पाडून घेतलं आणि परत मोजलं. १० मिमी. हिशोबाप्रमाणे बरोबर १ मिमी वाढला. पहिला गिअर कुरकुरत का होईना, पडू लागला.

इथे एक शॉर्टकट लोक सुचवतात: मास्टरचा दांडा वेल्डिंग करून थोडा लांब करायचा. करू नका. पेडल वर असताना मास्टरमध्ये एक बारीक भोक उघडं राहतं, ज्यातून तेल टाकीत परत जातं. दांडा लांब केला तर ते भोक पूर्ण उघडत नाही, दाब आत अडकतो आणि क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. मग चांगली प्लेट घसरून जळते, आणि त्या वेळी इंजिन खरंच बाहेर काढावं लागतं.

एकच भाग बदलावा की तिन्ही?

गळत होता स्लेव्ह. मग फक्त स्लेव्हच का नाही बदलायचा? उत्तर आजोबांच्या वहीत सापडलं. २००३ सालच्या पानावर लिहिलं होतं: मार्चमध्ये स्लेव्हचं सील बदललं. पुढचीच नोंद ऑगस्टची: मास्टर गळतोय. त्यापुढे आणखी एक: होज फुगला. एका मोसमात तीनदा तेच काम, तीनदा हवा काढणं.

यामागे कारण आहे. तिन्ही भागांतलं रबर साधारण एकाच वयाचं असतं. जुना गळका स्लेव्ह दाब सोडून देतो, त्यामुळे बाकीचे कसेबसे तगून राहतात. नवा स्लेव्ह लावला की पूर्ण दाब तयार होतो आणि तो पुढचा कच्चा दुवा शोधतो. पेडल दाबून धरल्यावर माझा दांडा मागे येत होता, त्यात स्लेव्हच्या गळतीचा वाटा किती आणि मास्टरच्या आतल्या सीलचा किती, हे बाहेरून सांगता येत नाही. मास्टरचं सील आतल्या आत गेलं तर तेल बाहेर पडतच नाही, नुसतं टाकीत परत जातं. म्हणून मी मास्टर, स्लेव्ह आणि होज तिन्ही नवे मागवले. गॅरेजने सांगितलेल्या रकमेच्या आठव्या भागात सगळं आलं.

नुसती सीलं मिळतात, ती स्वस्तही पडतात. पण सिलेंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तरच त्यांचा उपयोग. नख फिरवून बघा. नख कुठे अडकलं तर तिथे गंजाचा खड्डा आहे, आणि नवं सील त्या खड्ड्यावर महिनाभरात फाटेल. माझ्या स्लेव्हमध्ये नख दोन ठिकाणी अडकलं.

काम करताना

प्रत्येक नट सोडण्याआधी फोटो काढा. लांबून एक आणि जवळून एक. तेलकट हातांनी फोन हाताळायचा असल्याने मी फोन पारदर्शक पिशवीत घालून ठेवला होता.

पाने इंचाचे लागतात. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ नंबरचा पाना 'बसल्यासारखा' वाटतो, पण जोर लावला की कोपरे गोल होतात. नळीच्या नटांना तर साधा पानाही नको. चारही बाजूंनी धरणारा, फक्त नळी जाईल एवढी फट असलेला खास पाना मिळतो, तो घ्या. आदल्या रात्री सगळ्या जोडांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा.

आधी टाकीतलं तेल उपसून घ्या आणि खालचं निपल उघडून उरलेलं डब्यात काढा. मग स्लेव्ह गिअरबॉक्सला घट्ट बसलेला असतानाच त्यातला होजचा जोड किंचित सैल करा, नंतर तो हातात धरून सुटत नाही. त्यानंतर वरच्या टोकाला धातूच्या नळीचा नट सोडा, होज ब्रॅकेटमधून काढा, आणि मगच होज फिरवून स्लेव्हमधून काढा. उलटा क्रम धरला तर होजला पीळ बसतो किंवा धातूची नळी मुरगळते. शेवटी स्लेव्हचे दोन बोल्ट. स्लेव्ह बाहेर असताना पेडलला कुणाला हात लावू देऊ नका, जुनी व्यवस्था जोडलेली असेल तर पिस्टन बाहेर उडून तेलाचा फवारा येतो.

मास्टर वरून निघतो: नळीचा नट, पिन, दोन बोल्ट. इथे माझी चूक सांगतो. मास्टर उचलताना तेलाचे चार थेंब पुढच्या मडगार्डवर पडले. 'नंतर पुसू' म्हटलं आणि चहाला गेलो. परत आलो तेव्हा अंगठ्याएवढा रंग फुगून सुरकुतला होता. ब्रेक ऑइल रंगाचा शत्रू आहे. थेंब पडला की लगेच पाण्याने धुवा, आणि आधीच सगळीकडे जुनी चादर टाका. तो डाग अजून तसाच आहे.

नवे भाग उलट्या क्रमाने बसतात. होजच्या टोकाचा तांब्याचा वॉशर नवा घाला. स्लेव्हवर हवा काढायचं निपल वरच्या बाजूला आहे ना, हे बघा. नसेल तर हवा कधीच निघणार नाही.

तेल कोणतं?

डॉट ४, सीलबंद डब्यातलं. इंजिन ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल थेंबभरही गेलं तर रबर फुगतं आणि सगळं नवं काम वाया. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र नाव सारखं असलं तरी डॉट ४ च्याच जातीचं आहे. हा नावांचा घोळ कुणी घातला देव जाणे.

उघडा राहिलेला डबा वापरू नका, कारण हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ च्या मानकानुसार कोरड्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३०° सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषलेल्याचा किमान १५५°. तुमच्या बाइकच्या ब्रेकलाही हेच लागू आहे.

हवा काढणं

द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला तर पाय बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो. नेहमीची पद्धत अशी: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचं, मग पेडल सोडायचं. आम्ही दोघांनी सलग दोन संध्याकाळी हे केलं. पेडल मऊच. दुसऱ्या रात्री बायकोने सांगून टाकलं, उद्यापासून पेडलला माणूस दुसरा शोधा.

अडचण साधी होती. बुडबुड्याला वर जायचं असतं आणि आपण त्याला खाली ढकलत होतो. म्हणून तिसऱ्या दिवशी उलट केलं. मेडिकलच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, तिला पारदर्शक नळी लावून खालच्या निपलमधून तेल हळूहळू वर ढकललं. वरच्या टाकीत बुडबुडे बुडबुड करत बाहेर आले. टाकी छोटी असते आणि भराभर भरते, म्हणून एकाने वर दुसरी सिरिंज घेऊन तेल उपसत राहायचं, नाहीतर रंगाचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. काही जण पुढच्या ब्रेकच्या निपलपासून स्लेव्हच्या निपलपर्यंत नळी जोडतात आणि ब्रेकचं पेडल मारून तेल पाठवतात. ते चालतं, पण क्लचसाठी चांगल्या चालत्या ब्रेकला हात लावणं मला पटत नाही.

पंधरा मिनिटांत पेडल कडक झालं. पट्टी, फोन, स्लो मोशन: १२.५ मिमी. पाच सेकंद धरलं, दांडा जागचा हलला नाही.

ब्रिटनमध्ये ४० वर्षांवरच्या गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर २०१८ पासून तिला वार्षिक तपासणीची सक्ती नाही. म्हणजे माझं काम कुणी तपासणार नव्हतं. म्हणून पहिले दोन दिवस घराभोवतीच फिरलो, प्रत्येक वेळी जोड कागदी रुमालाने पुसून पाहिले. सिग्नलला क्लच दाबून न बसता न्यूट्रल करायची सवयही लावून घेतली, कारण या गाडीचं क्लच बेअरिंग कार्बनचं आहे, दाबून धरलं की घासत राहतं, आणि ते बदलायला मात्र इंजिन काढावंच लागतं.

वाढदिवसाला आजोबा डावीकडच्या सीटवर बसले. छत उघडं, थंडी होती, तरी नको म्हणाले नाहीत. मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय आपोआप हलायचा. त्याच राउंडअबाउटवर पहिला गिअर टाकला, आवाज न करता पडला, तेव्हा त्यांनी फक्त माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी बघितली, तेल खुणेवरच होतं. वहीत तारीख लिहिली, खाली पिन, मास्टर, स्लेव्ह, होज, आणि १२.५ मिमी.